पांढरं रेशनकार्ड आहे म्हणून हात टेकू नका

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

नमस्कार. मी ६६ वर्षांची, नागपुरात नंदनवनला राहते. यजमान ७३ वर्षांचे. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं होते, २०१० साली रिटायर झाले. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जायचा, पण रिटायर झाल्यावर ते सगळं संपलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. मुलगा ४१ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, सोबत बौद्धिक अपंगत्वही आहे. नणंदबाई ५८ वर्षांच्या. पोलिओने त्यांचा एक पाय अधू आहे, लग्न केलेलं नाही. सासूबाई गेल्यापासून त्या उमरेडहून आमच्याकडेच आल्या आहेत. आमचं रेशनकार्ड पांढरं, त्यामुळे आपल्याला सरकारी काहीच मिळत नाही असं सगळे सांगतात. आम्हा दोघांची मिळून ५ लाखांची खासगी पॉलिसी आहे. तिचा हप्ता दरवर्षी वाढतो आणि आता पेन्शनीत बसत नाही. यजमान म्हणतात, सत्तरीच्या वरच्यांना आता सरकारी कार्ड मिळतं, पॉलिसी बंद करून टाकू. मुदत पुढच्या महिन्यात संपते. वस्तीत एक जण कार्ड काढून देतो म्हणून माणशी पाचशे मागतो, आधार आणि मोबाइलही त्याच्याकडे द्यायला सांगतो. आमच्या घराला कोणती योजना लागू होते? काय करू?
— एक वाचक, नंदनवन

ताई, नमस्कार.

दोन गोष्टी आजच्या आज सांगायच्या आहेत, त्या आधी सांगते. त्या माणसाला आधार, मोबाइल आणि मोबाइलवर आलेला ओटीपी, यातलं काहीही देऊ नका. आयुष्मान कार्ड, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचं कार्ड, काढायला सरकार एक पैसा घेत नाही. योजनेत असलेल्या दवाखान्यात मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे ते निघतं, आपले सरकार केंद्रावर निघतं, आणि घरात कुणाला मोबाइल नीट हाताळता येत असेल तर आयुष्मान ॲपवर घरबसल्याही निघतं. दुसरी गोष्ट, पॉलिसी बंद करायचा निर्णय यजमानांना रागाच्या भरात घेऊ देऊ नका. हप्ता बघून त्यांना राग येणं अगदी साहजिक आहे, पण त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे, ते दोघांनी मिळून वाचा.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, “आमच्या घराला कोणती योजना लागू होते?” माझं म्हणणं असं की हा प्रश्न घराचा म्हणून विचारू नका. तुम्ही चौघं आहात आणि चौघांची वाट वेगळी आहे. यजमान वयाच्या बळावर योजनेत जातात, मुलगा त्याच्या अपंगत्वाच्या प्रकारावर, तुम्ही आणि नणंदबाई रेशनकार्डावर. प्रत्येकासाठी एकेक पिशवी करा आणि आधार, रेशनकार्डाची प्रत, जुने रिपोर्ट, प्रमाणपत्र असं ज्याचं त्याचं त्याच्या पिशवीत ठेवा. आणि हे सगळं घरात कुणी आजारी नसताना करा. रात्री दोन वाजता छातीत कळ आली की नावातली एक वेलांटी दुरुस्त करायलाही वेळ नसतो.

आता पांढऱ्या कार्डाचं. लोक तुम्हाला जे सांगतात ते पूर्वी खरं होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जिला आपल्याकडे अजून कित्येक जण ‘जीवनदायी’च म्हणतात, ती आधी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची होती. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला आणि २०२४ पासून पांढऱ्या कार्डाची कुटुंबंही तिच्यात आली. मर्यादाही ५ लाख झाली. म्हणजे तुम्ही, यजमान, मुलगा, कार्डावर ज्यांची ज्यांची नावं आहेत ते सगळे आज योजनेत आहात. हे ५ लाख माणशी नाहीत, वर्षाला सगळ्या घरात मिळून आहेत, एवढं लक्षात असू द्या.

खरी अडचण पुढे येते. योजना नावावर चालते. रेशनकार्डावर तुमचं नाव बहुतेक सासरी घरात हाक मारायचे ते असेल, आधारवर शाळेच्या दाखल्यावरचं असेल, आणि यजमानांच्या नावात कुठे ‘राव’ असेल, कुठे नसेल. काउंटरवरची मुलगी मनाने कितीही चांगली असली तरी संगणकावर दोन्ही नावं जुळली नाहीत तर तिचा हात अडतो. म्हणून या आठवड्यात रेशनकार्ड आणि चौघांची आधारकार्डं एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर ताडून बघा. मुलाचं नाव कार्डावर आहे का, ते तर आवर्जून बघा. अपंग मुलांची नावं पुष्कळ घरांत चढवलेलीच नसतात, “त्याचं काय करायचंय” म्हणून राहून जातात. कार्डाची ई-केवायसी झाली आहे का, तेही दुकानदाराला विचारून घ्या. नणंदबाईंचं नाव बहुधा अजून उमरेडच्या कार्डावरच असेल. ते तिथून कमी करून तुमच्या कार्डावर चढवता येईल, किंवा त्यांचं वेगळं कार्ड काढता येईल. मला विचाराल तर वेगळं कार्ड. त्या अविवाहित आहेत आणि स्वतःचं उत्पन्न नसेल तर त्यांच्या कार्डाचा रंग तुमच्यापेक्षा वेगळा ठरू शकतो. शिवाय त्यांचे ५ लाख तुमच्या तिघांच्या ५ लाखांत मोडणार नाहीत. पण वेगळं कार्ड मागताना त्या खरोखर वेगळं राहतात का, चूल वेगळी आहे का, अशी चौकशी होईल. तिथे खोटं सांगू नका. नाहीच जमलं तर तुमच्या कार्डावर नाव चढवणं हा सरळ मार्ग आहेच.

यजमानांसाठी सगळ्यात चांगली सोय आहे ती आयुष्मान वय वंदना कार्डाची. २९ ऑक्टोबर २०२४ ला ही सुरू झाली. वय ७० पूर्ण झालेल्या कुणालाही ती आहे. उत्पन्न विचारत नाहीत, कार्डाचा रंग बघत नाहीत. वर्षाला ५ लाखांचे उपचार मिळतात आणि त्या ५ लाखांत सत्तरीच्या आतल्यांचा वाटा नसतो. म्हणजे तुमच्या आजारपणावर झालेला खर्च त्यांच्या रकमेतून जात नाही. जुना आजार आहे म्हणून थांबायचंही नाही. अँजिओप्लास्टी आधी झालेली असली तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड निघतं. तुमचं वय ६६, म्हणून तुम्हाला अजून चार वर्षं थांबावं लागेल. तोपर्यंत तुमचा आधार म्हणजे रेशनकार्ड.

वय फक्त आधारवरचं धरतात. पुष्कळ जुन्या मंडळींच्या आधारवर पूर्ण तारीख नसते, किंवा १ जानेवारी अशी अंदाजाने टाकलेली असते. यजमानांच्या आधारवर काय छापलंय ते आधी बघा. चुकीचं असेल तर जन्मतारीख आधारवर सहसा एकदाच बदलून मिळते, म्हणून दहावीची गुणपत्रिका, जन्मदाखला किंवा पासपोर्ट असा पक्का पुरावा हातात असेल तेव्हाच केंद्रावर जा.

आणि अंगठा! कारखान्यात आयुष्यभर लोखंड हाताळलेल्या माणसाचे ठसे मशीन ओळखत नाही. तीन-चारदा अंगठा दाबायला लावतात, ओल्या फडक्याने पुसायला सांगतात, आणि शेवटी “काका, नाही होत” म्हणून परत पाठवतात. तिथे गप्प बसू नका. ठशाखेरीज ओटीपीने, डोळ्याच्या बुबुळाने आणि चेहऱ्यानेही ओळख पटवता येते. “चेहऱ्यावरून करा” असं स्पष्ट सांगा. ओटीपीसाठी आधारला जोडलेला नंबर चालू असायला हवा. पाच वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमवर तो येणार नाही, तेव्हा नंबर आधी बदलून घ्या.

यजमानांच्या बाबतीत तुम्ही जाता जाता लिहिलेली एक ओळ मला सगळ्यात मोलाची वाटली. पगारातून ईएसआय कापला जायचा आणि रिटायर झाल्यावर सगळं संपलं, असं तुम्ही लिहिता. ताई, ते संपलेलं नसावं. कामगार राज्य विमा योजनेत किमान पाच वर्षं विमाधारक राहून नियत वयाला निवृत्त झालेल्या कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला १२० रुपये भरून त्या योजनेची वैद्यकीय सेवा पुढेही मिळते. महिन्याचे नाहीत, वर्षाचे १२०. या सेवेत बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही येतात, आणि म्हणूनच मला हे वय वंदनापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. आयुष्मान काय आणि फुले योजना काय, दोन्ही मुख्यतः भरती झाल्यावर कामी येतात. यजमानांच्या रक्तदाबाच्या, रक्त पातळ करण्याच्या रोजच्या गोळ्यांना त्यातून काही मिळत नाही. तुमच्या घरी दर महिन्याला मेडिकल स्टोअरचं जे बिल होतं, ते या दाराने कमी होऊ शकतं, आणि जोडीदार म्हणून तुमचंही. यजमानांचा जुना विमा क्रमांक शोधा. पगाराच्या चिठ्ठीवर किंवा त्या काळच्या ओळखपत्रावर तो असेल. कारखान्याकडून निवृत्तीचं पत्र मिळालं असेल तेही काढा आणि कामगार विम्याच्या शाखा कार्यालयात दोघंही जा. रुग्णालय सोमवारी पेठेत आहे, नंदनवनहून लांब नाही. पाच वर्षांची अट पूर्ण होते का, एवढंच तिथे तपासून घ्यायचं आहे, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत ती पूर्ण झाली असण्याची मला बरीच आशा आहे.

मुलाचं बघू. भरती व्हावं लागलं तर तो तुमच्या रेशनकार्डावर फुले योजनेत आहेच. पण त्याचा खर्च भरतीचा नाही, फिजिओथेरपीचा आणि डॉक्टरांच्या फेऱ्यांचा आहे. त्यासाठी ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेला राष्ट्रीय न्यास, म्हणजे नॅशनल ट्रस्ट, ती चालवतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीच ती आहे. वयाची अट नाही, त्यामुळे ४१ व्या वर्षीही नोंदणी होते. आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागत नाही. वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण असतं आणि त्याच्या आत बाह्यरुग्ण उपचार, थेरपी, शस्त्रक्रिया यांच्या वेगवेगळ्या मर्यादा असतात. नोंदणीचा खर्च काही शे रुपयांच्या घरात. पैसे मात्र आधी आपण भरायचे आणि मग बिलं पाठवून परत मागायचे, म्हणून थेरपिस्टकडून दर वेळी तारीख आणि शिक्का असलेली पावती मागून घ्या. साध्या चिठ्ठीवर पैसे परत मिळत नाहीत. न्यासाकडे नोंद असलेल्या संस्थेमार्फत अर्ज होतो. मुलाच्या लहानपणी तुम्ही ज्या विशेष शाळेत जात होता, तिथे विचारून सुरुवात करा. मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, झालेलं नसेल तर सगळ्यात आधी ते. तुमच्याकडचं जुनं कागदी प्रमाणपत्र फेकू नका, त्याच्या आधाराने काम सोपं होतं.

नणंदबाईंना निरामय मिळत नाही. पुष्कळ जणांचा इथे गोंधळ होतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे म्हणून अर्ज करतात आणि तो परत येतो. पोलिओचं अपंगत्व अस्थिव्यंगात धरतात आणि ते या चार प्रकारांत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकार आहेत, पण प्रत्येक योजना सगळ्या प्रकारांना नसते. त्यांची वाट रेशनकार्डाची आणि सत्तरीनंतर वय वंदनाची. त्यांना स्वतःची खासगी पॉलिसी हवीच असेल तर अपंगत्व आहे म्हणून कंपनीने दारातूनच परत पाठवावं, असं आता चालत नाही. विमा नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना अपंग व्यक्तींसाठी पॉलिसी ठेवणं बंधनकारक केलं आहे. एजंट “असं काही नसतं” म्हणाला तर कंपनीला लेखी विचारा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. पॉलिसी ठेवायची की सोडायची?

यजमानांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, त्यांच्यापुरतं. तुमच्यापुरतं ते बरोबर नाही. सरकारी योजनेत ठरावीक उपचारांची यादी असते, ठरावीक रुग्णालयं असतात, आणि त्यातही एखादं रुग्णालय हृदयासाठी योजनेत असतं पण हाडांसाठी नसतं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांतच करायचे असतात. मेडिकल, मेयो, सुपर, मिहानमधलं एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत तुमचं काम होईल, आणि मोठ्या शस्त्रक्रियांसाठी तिथले डॉक्टर उत्तम आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण धंतोली-रामदासपेठेतल्या ज्या दवाखान्यात यजमानांची अँजिओप्लास्टी झाली, तिथेच पुन्हा जायचं असेल तर तो योजनेत आहे का, हे आधी बघावं लागेल. तुम्ही आज पॉलिसी सोडलीत आणि दोन वर्षांनी पुन्हा घ्यावीशी वाटली, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा थांबण्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. इतकी वर्षं हप्ते भरून जे मिळवलंत ते एका महिन्यात जाईल. म्हणून तुमचं नाव पॉलिसीत राहू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग हप्त्याचं काय? दोघांची एकत्र पॉलिसी असते तेव्हा हप्ता सहसा मोठ्याच्या वयावर ठरतो. तुम्ही ६६ च्या आहात, पण हप्ता भरताय ७३ वर्षांच्या माणसाचा. वय वंदना कार्ड प्रत्यक्ष हातात आल्यावर यजमानांचं नाव पॉलिसीतून काढून ती फक्त तुमच्या नावावर चालू ठेवता येते का, आणि तसं केल्यावर तुमची आधीची वर्षं कायम धरली जातील का, हे कंपनीला ईमेलवर विचारा. एजंटच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. ईमेलवर लेखी ‘हो’ आलं की मगच नाव काढा. कार्ड हातात येण्याआधी मुदत संपत असेल तर या एका वर्षी दोघांचाही हप्ता भरा. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला एक दिवससुद्धा उघडं ठेवू नका.

हप्त्याची नोटीसही नीट वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी पूर्ण माफ झाला आहे, तेव्हा तो लावलेला दिसला तर विचारा. जानेवारी २०२५ पासून साठीच्या वरच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. तुमचा त्याहून जास्त वाढला असेल तर कारण लेखी मागा. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, वकील लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

भरती व्हायची वेळ आलीच तर दवाखान्यात शिरल्यावर कॅश काउंटरकडे जाण्याआधी आरोग्यमित्राचा टेबल शोधा. हा उपचार योजनेच्या यादीत आहे का, हे रुग्णालय त्यासाठी आहे का, आणि पूर्वमंजुरी किती वेळात येईल, या तीन गोष्टी विचारा. मंजुरी आल्यावर कुणी “वरचे थोडे भरा” म्हणालं तर भरू नका. फुले योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५ या क्रमांकांवर तिथूनच फोन करा. भरावेच लागले तर पावती घेतल्याशिवाय हात सोडू नका. हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे तुम्ही घरी नसताना नणंदबाईंनाही सापडतील.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला तेव्हाच कायद्याच्या नजरेत तो सज्ञान झाला, आणि आईवडील म्हणून त्याच्या वतीने सही करायचा तुमचा अधिकार आपोआप पुढे चालू राहिला नाही. बँक खातं, विम्याचा दावा, मोठ्या शस्त्रक्रियेची संमती, अशा ठिकाणी कधी ना कधी हा प्रश्न येतो. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात याची सोय आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते आणि जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. निरामयसाठी ज्या संस्थेत जाल, तिथेच हा अर्जही भरून घ्या. तुमच्या दोघांच्या नंतर कोण, हा विचार नणंदबाईंशी आणि घरातल्या तरुण मंडळींशी मोकळेपणाने बोलून ठरवा. मुलाला जे समजतं तेवढं त्यालाही विचारा.

पॉलिसीची तारीख जवळ आहे, म्हणून या आठवड्यात वय वंदना कार्ड आणि कंपनीला ईमेल, एवढं करा. कामगार विम्याच्या कार्यालयात पुढच्या आठवड्यात गेलात तरी चालेल. तिथे पाच वर्षांच्या नोंदीवरून काही अडलं तर त्यांनी काय सांगितलं ते मला लिहून कळवा.